पौषातली चूक-परिषद

पौष महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. आमच्या परिषदेचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे. मुहूर्त नाहीत म्हणून मंगल कार्यालय रिकामं, रिकामं म्हणून आम्हाला परवडणारं, आणि परवडलं म्हणून वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद बारा वर्षं भरली. पुण्या-बंगलोरकडच्या परिषदा मोठमोठ्या हॉटेलांत व्हायच्या. आमची व्हायची थर्माकोलच्या ‘शुभ विवाह’ या अक्षरांखाली. पहिल्या वर्षी ती अक्षरं उतरवायला शिडी मिळाली नाही. दुसऱ्या वर्षापासून कुणी शिडी मागितलीही नाही.

माझा हुद्दा ‘गुणवत्ता अधिकारी’. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “आमची सून कंप्युटरातली खोट काढते, अन् त्याचा पगार घेते.” यापेक्षा नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याही जाडजूड पुस्तकात सापडली नाही. तरी आमचा धंदा बाहेरच्यांना कळावा म्हणून थोडं सांगते. समजा, घरात भाजी खारट झाली. साधा माणूस विचारतो, “कोणी केली?” आमच्या धंद्यातला माणूस विचारतो, “मीठ दोनदा पडलंच कसं?” मग कळतं की ओट्याशी दोघीजणी होत्या आणि दोघींनी टाकलं. मग नियम करायचा, की मीठ टाकलं की बरणी ओट्यावरून उचलून फडताळात ठेवायची. बरणी जागेवर नाही म्हणजे मीठ पडलं. कुणाला बोल लावायचा नाही, कामाची रीत सुधारायची. एवढीच आमची विद्या. तिला इंग्रजीत फार भारदस्त नावं आहेत आणि त्या नावांचे फार भारदस्त पगार आहेत. आम्हाला वर्ध्यात नावं मिळाली, पगार काही तेवढे पोचले नाहीत.

आमची कंपनी म्हणजे पिपरीतल्या एका घराचा वरचा मजला. माणसं अकरा. आम्ही जिनिंगवाल्यांसाठी, शाळांसाठी, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि कंप्युटर ही जोडे बाहेर काढून पाहायची वस्तू होती. आमच्यात सगळ्यात हुशार प्रोग्रामर प्रकाश झाडे, सेलूचा. पस्तिशीतला, लेकुरवाळा, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. बोलायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. सांगायचं ते सगळं चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी तुमच्या फायलीला टोचून निघून जायचा. जेवायला जाताना “जेवायला जातो” अशीसुद्धा चिठ्ठी. आम्ही त्याला हसायचो, पण त्याच्या चिठ्ठीत सहसा चूक नसायची.

परिषद सुरू झाली ती एका दवाखान्यातल्या प्रसंगामुळे. ही गोष्ट मी परिषदेत पाच वर्षं सांगितली. जशी सांगायचे तशी आधी सांगते. खरी कशी घडली ते नंतर सांगेन, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय.

एक धर्मादाय दवाखाना होता. आता तो बंदही झाला. तिथल्या पेशंटांची कार्डं आम्ही कंप्युटरात घातली. झालं होतं असं, की एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन कार्डं. सकाळचा कारकून एक लिहायचा, संध्याकाळचा दुसरं. म्हणून प्रकाशनं एक प्रोग्राम लिहिला. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव जुळलं की माणूस एकच समजायचा, दोन नोंदींची एक करायची आणि ताजी नोंद ठेवायची. दिसायला छान. पण हिंगणीत सुमन रामाजी उईके नावाच्या दोन बाया होत्या. एकीला पेनिसिलिन चालत नव्हतं, कार्डावर लाल शाईनं तसं लिहिलं होतं. प्रोग्रामनं दोघींची एक केली आणि ती लाल ओळ गेली.

ही सुमनबाई एक दिवस पायात मोडलेला काटा घेऊन आली. पाय सुजून भोपळा झालेला. डॉक्टरनं कागद पाहिला, स्वच्छ होता, इंजेक्शन लिहिलं. शेंडे सिस्टर सुई भरून खाटेशी गेल्या. या सिस्टरांना सवय होती, सुई टोचण्याआधी चौकशी करायची. आमच्याकडे बाईला नाव नंतर विचारतात, घर आधी.

“कोनाची सून वं तू?”

“धर्माजी उईकेची.”

“धर्माजीची? अवं, मागच्या साली सुई देल्ली तं तोंड सुजलं होतं, तेच ना तू?”

“मीच तं होय.”

सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. कंप्युटरला जे जमलं नाही ते ‘कोणाची सून’ या दोन शब्दांनी केलं. बाई वाचली.

दवाखान्याचे विश्वस्त आमच्या साहेबांवर तुटून पडले. साहेबांनी विचारलं, “प्रोग्राम कोणी लिहिला?” प्रकाशनं. प्रकाशला राजीनामा द्यायला लावला. तो गेला आणि सेलूला त्यानं बी-बियाण्याचं दुकान टाकलं.

मला मात्र चैन पडेना. (ही चैन का पडेना, तेही नंतर सांगते.) वाटलं, अशा चुका सगळीकडे होत असणार आणि प्रत्येक जण त्या उशीखाली दाबून झोपत असणार. एकानं सांगितली तर दहाजणांच्या टळतील. पुढच्या पौषात मी परिषद बोलावली. नियम एकच केला. जो बोलायला उभा राहील त्यानं आधी स्वतःची चूक सांगायची, मग शहाणपण. संक्रांतीचे दिवस, म्हणून चूक सांगणाऱ्याला तिळाचा लाडू. तीळगूळ घ्या आणि खरं बोला.

पहिल्या वर्षी आलो नऊजण. कार्यालयाचे व्यवस्थापक गुलाबराव फाटकात उभे राहून वाट पाहत होते.

“मॅडम, बाकीचं वऱ्हाड कुठी अडकलं?”

“एवढेच आहोत.”

“एवढेच? अन् मी तं नवरदेव-नवरीच्या दोन्ही खुर्च्या मांडून बसलो जी. त्यायवर कोनाले बसवू?”

त्या लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या खुर्च्या तशाच रिकाम्या राहिल्या. आम्ही नऊजण समोर सतरंजीवर. पहिली चूक सांगितली ती आमच्या एका गिऱ्हाइकानं. जिनिंगवाले शेठ, तीन पिढ्या कापसात. त्यांचा कंप्युटर दर चार दिवसांनी बंद पडायचा आणि ते दर चार दिवसांनी आमच्या प्रोग्रामला शिव्या घालणारं पत्र पाठवायचे. मीच चार खेपा मारल्या होत्या. मी गेले की यंत्र ठणठणीत, मी परतले की गार.

शेठ उभे राहिले, टोपी सारखी केली. “अब क्या बताऊँ भाई. कारखान्यात कापसाचे तंतू उडत राह्यते. मशीनमध्ये जाऊ नाई म्हनून मी त्याले शाल पांघरली. चालू असतानी. मॅडम यायच्या म्हनलं की बरं दिसत नाई, म्हनून शाल काढून ठेवू. तं बिचारं गर्मीनं मरून राह्यलं होतं.” एवढं बोलून त्यांनी लाडू घेतला. लोक इतके हसले की गुलाबराव आत डोकावून गेले. चूक सांगून कुणाची अब्रू जात नाही, हे शेठनं दाखवून दिलं. पुढे शेठ दर वर्षी यायचे आणि दर वर्षी त्यांच्याकडे नवी चूक असायची.

मग परिषद वाढली. नागपूर-अमरावतीहून कंपन्या, कॉलेजातले प्राध्यापक. एकदा परदेशात राहून आलेले एक गृहस्थ आले. सुटाबुटात. म्हणाले, “माझ्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत सांगण्यासारखी चूक मला आठवत नाही.” दारातून गुलाबराव म्हणाले, “मंग लाडू नाई भेटत जी.” गृहस्थ चिडून खाली बसले. जेवणं झाली, वांग्याची भाजी आणि बुंदी आग्रह करकरून वाढली गेली, आणि मग ते आपणहून उठले. भाषणाच्या पारदर्शिका, पडद्यावर दाखवायच्या त्या, ते रिक्षात विसरून आले होते आणि चूक आठवत नाही म्हणणं ही वेळ मारून नेण्याची युक्ती होती. त्यांना दोन लाडू दिले. माणूस नंतर फार मोकळा झाला.

आणि माझी गोष्ट? ती तर परिषदेची आरतीच झाली. ‘कोणाची सून’ हे शब्द आम्ही फायलींवर छापले. लोक ती आपापल्या ऑफिसात, वर्गात सांगायचे. दर वर्षी मी तिला थोडा साज चढवायचे. प्रकाशचं नाव मी कधी घेतलं नाही. ‘आमचा एक प्रोग्रामर’ म्हणायचे आणि त्यालाच मोठेपणा समजायचे. टाळ्या पडायच्या. सगळ्यांनी आधी स्वतःची चूक सांगायची हा नियम करणारी मी, दुसऱ्याची चूक सांगून दर वर्षी लाडू खात होते. काय म्हणावं या बाईला!

आता खरं सांगते. तो प्रोग्राम लिहिल्यावर प्रकाशनं माझ्या फायलीला चिठ्ठी टोचली होती: ‘एका गावात एकाच नावाची दोन माणसं असू शकतात. दवाखान्यात विचारून तपासून घ्यावं.’ मी ती वाचली. मला आवडलीसुद्धा. मी लगेच माझ्या तपासणीच्या यादीत नवा प्रश्न टाकला: ‘एकाच गावी एकाच नावाच्या दोन व्यक्ती असल्यास काय होते, हे तपासले काय?’ समोर दोन रकाने, हो आणि नाही. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांना यादी पूर्ण हवी होती. शनिवारी दुपारी मी पेन घेऊन बसले आणि वरपासून खालपर्यंत ‘हो’वर खुणा करत गेले. प्रश्न माझाच, उत्तर माझंच, मधलं काम कुणी केलंच नाही. परीक्षकांनी माझ्या यादीची तारीफ केली.

साहेबांनी प्रकाशला बोलावलं तेव्हा मी त्या खोलीत होते. त्यांनी मला विचारलं, “तपासणी झाली होती?” मी म्हटलं, “यादी पूर्ण होती.” प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. तो थांबला होता, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग तो उठला आणि गेला. त्याची चिठ्ठी माझ्या कपाटात होती, ती मी टाकलीही नाही आणि दाखवलीही नाही. लाज वाटत होती, फार वाटत होती, पण नोकरी त्याहून प्यारी होती.

सहाव्या वर्षी नोंदणीच्या टेबलाशी मी बसले होते. एका फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता: कृषी केंद्र, सेलू. वर पाहिलं तर प्रकाश. केस पिकलेले, सोबत सतरा-अठराची मुलगी. मुलगी पुढे चहाकडे गेली तसा तो वाकून हळूच बोलला. माझ्याशी इतकं सलग तो कधी बोलला नव्हता.

“मॅडम, पोरगी पॉलिटेक्निकले हाये. कंप्युटरच घेतला तिनं. तिच्या मास्तरनं वर्गात तुमची गोष्ट सांगतली, कोन्या बिनडोक प्रोग्रामरनं दोन बाया एक करून टाकल्या म्हनून. घरी येऊन मलेच सांगून हासून राह्यली. आता परिषद पाहाचीच म्हनते, म्हनून आलो. तिले माईत नाई तो बिनडोक मी आहो. तुमी सांगा जी तुमची गोष्ट. नाव तं तुमी घेतच नाई.”

असं म्हणून तो तिसऱ्या रांगेत खांबाजवळ जाऊन बसला. आणि मी त्या टेबलाशी बसून राहिले. या माणसानं मला खोटं बोलायची परवानगी दिली होती, तीही मला त्रास होऊ नये म्हणून. नाव घेतलं नाही तर त्याची मुलगी जन्मभर आपल्या बापाला हसणार, तेही त्याच्या तोंडावर. नाव घेतलं तर माझं काय होईल, हेही दिसत होतं. साहेब पहिल्या रांगेत होते.

चहानंतर माझी पाळी. मी उभी राहिले. लोक ‘कोणाची सून’ ऐकायला सरसावून बसले. मी म्हटलं, “आज पाच वर्षांनी मी पहिल्यांदा स्वतःची चूक सांगणार आहे. आजवरचे माझे लाडू उधारीचे होते.” आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, शनिवारची दुपार, खुणा, खिडकी. चिठ्ठी पर्समध्येच होती, दर परिषदेला असायची. ती वाचून दाखवली आणि म्हटलं, “ही लिहिणारा प्रोग्रामर बिनडोक नव्हता. त्याचं नाव प्रकाश झाडे. ही चूक आधी पाहिली ती त्यानं एकट्यानं.”

मुलीनं मान वळवून बापाकडे पाहिलं. प्रकाश उठला. मला वाटलं, जातो आता. तो खांबाला धरून उभा राहिला.

“एक दुरुस्ती हाय मॅडम. माझीबी चूक हाय. मी चिठ्ठी टोचून मोकळा झालो. तोंड उघडून सांगाचं होतं. दवाखाना कोसभरबी लांब नव्हता, शेंडे सिस्टरले जाऊन इचाराचं होतं. मले बोलाची लाज वाटे, अन् तिकडं बाई मरता मरता वाचली.”

एवढ्या लोकांसमोर तो पहिल्यांदाच बोलत होता आणि घामाघूम झाला होता. शेठनं उठून त्याच्या हातावर लाडू ठेवला. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात त्याची मुलगी उभी राहिली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

“मॅडम, मंग त्या यादीत काय बदललं?”

पाच वर्षं आम्ही ती गोष्ट सांगत होतो, फायलींवर छापत होतो, आणि यादीत अजून तेच दोन रकाने होते. हो आणि नाही. आमची सगळी विद्या म्हणजे मिठाची बरणी उचलून ठेवणं, आणि आम्ही पाच वर्षं नुसतं भाजी खारट झाल्याचं कीर्तन करत होतो. परिषदेत आजवर विचारला गेलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न, आणि तो एका पहिल्या वर्षाच्या पोरीनं विचारला.

त्याच दुपारी, सतरंजीवर बसून, आम्ही तिसरा रकाना काढला. नाव ठेवलं ‘कोणाले विचारलं?’ शुद्ध भाषेत करावं असं प्राध्यापक म्हणाले, पण सभेनं ऐकलं नाही. ‘हो’वर खूण करायची तर पुढे माणसाचं नाव लिहायचं, ज्याला प्रत्यक्ष जाऊन विचारलं त्याचं. नाव नाही तर खूण नाही. पुढे नागपूरच्या दोन-तीन कंपन्यांनीही हा रकाना उचलला.

साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी राजीनामा लिहून नेला. त्यांनी तो वाचला, म्हणाले, “हा देताना कोणाला विचारलं?” आणि परत दिला. प्रकाशला मी परत ये म्हटलं. तो म्हणाला, “नाई जी. बियान्याचं दुकान बरं हाय. उगवलं नाई तं शेतकरी तोंडावर सांगते. मलेबी आता बोलाची सवय लागली.” पण परिषदेची नोंदणी त्यानं आपल्याकडे घेतली आणि शेवटपर्यंत सांभाळली. ती मधली वर्षं त्यानं नोकरीत काढली असती तर, हा विचार मला अजून येतो. आला की मी त्याला हाकलत नाही, बसू देते. त्याची मुलगी पुढे आमच्याच धंद्यात गेली आणि भल्याभल्यांना घाम फोडते, असं ऐकते.

परिषद बंद पडली तिचं कारणही मुहूर्तच. लोक पौषातही लग्नं करायला लागले आणि कार्यालय परवडेना. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. बारा वर्षांत पुष्कळ खारट भाज्या मोजल्या आम्ही, काही बरण्याही उचलल्या.

मात्र सातव्या वर्षाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. त्या वर्षी आम्ही प्रमुख पाहुण्या म्हणून हिंगणीच्या दोघी सुमनबाईंना बोलावलं होतं. गुलाबरावांच्या दोन्ही मखमली खुर्च्यांना अखेर माणसं मिळणार होती, म्हणून त्यांनी त्या दोनदा पुसल्या. सकाळी मी नोंदणीच्या टेबलाशी बिल्ले लावत होते. ओळीनं मांडताना पाहिलं तर एक बिल्ला दोनदा छापलेला. सुमन रामाजी उईके, हिंगणी. सुमन रामाजी उईके, हिंगणी. छापखानेवाल्यांचा असला गलथानपणा मला मुळीच खपत नाही. मी जादाचा बिल्ला उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

शेजारी प्रकाश याद्या लावत होता. त्यानं मान वर केली. फाटकातून दोघी बाया नवी लुगडी नेसून, एकमेकींचा हात धरून येत होत्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग ड्रॉवरकडे, मग माझ्याकडे.

“मॅडम,” तो म्हणाला, “कोनाले इचारलं?”

त्या वर्षीचा पहिला लाडू मला मिळाला.